बेचाळीस एकर, काचेची भिंत आणि यंत्रघरातील वही : विक्रीस निघालेल्या एका इस्टेटीची पाहणी

एका परिचित कुटुंबाने शहरापासून दूर, डोंगरउतारावर असलेली एक भव्य आधुनिक इस्टेट विकत घेण्याचा विचार सुरू केला, आणि बोलणी पुढे नेण्यापूर्वी ती वास्तू एकदा जाणत्या नजरेखालून घालावी म्हणून मला सोबत येण्याची विनंती केली. माझी बरीच वर्षे मोठ्या इमारतींच्या देखभालीत गेली आहेत, त्यामुळे कोणतेही घर पाहताना माझे लक्ष आधी पन्हळीकडे आणि मग दर्शनी भागाकडे जाते; या लेखातील मतांना ती सवय चिकटलेली आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे. इस्टेट आम्ही दोनदा पाहिली. पहिली भेट विक्रेत्याच्या मध्यस्थाने ठरवलेली होती, स्वच्छ उन्हाच्या दुपारी. दुसरी आम्ही आग्रहाने मागून घेतली, आणि ती मुद्दाम पावसाच्या सकाळी.

मालमत्तेचे स्वरूप थोडक्यात असे आहे : ४२ एकर जमीन, त्यात सुमारे १,६०० चौरस मीटर बांधकामाचे मुख्य घर, तळ्याकाठी एक छोटे अतिथिगृह, राखणदार आणि माळी यांची घरे, पोहण्याचा तलाव, काचेचे रोपगृह, आणि या सगळ्याला पाणी, वीज व ऊब पुरवणारे एक स्वतंत्र यंत्रघर. बांधकाम नऊ वर्षांपूर्वी पूर्ण झाले. आधुनिक घराच्या आयुष्यात नववे वर्ष फार महत्त्वाचे असते, कारण तोपर्यंत ठेकेदारांच्या हमी संपत आलेल्या असतात, सांध्यांत भरलेले रबरी द्रव्य कडक होऊ लागलेले असते आणि रंगाचा पहिला हात उतरून गेलेला असतो. नवे घर सगळेच चांगले दिसते; नऊ वर्षांचे घर आपला स्वभाव दाखवू लागते.

फाटकापासून घरापर्यंतचा रस्ता सुमारे सहाशे मीटर लांब आहे, आणि या इस्टेटीतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी या रस्त्याकडे बोट दाखवीन. तो सरळ घरावर चालून जात नाही. आधी झाडीच्या कडेने खाली उतरतो, एका ओढ्यावरून जातो, आणि दुसऱ्या वळणावर घराची फक्त लांबट दगडी भिंत दाखवून पुन्हा ती लपवतो. उतारावरच्या बाजूस दगडी चर आहे, त्याला ठरावीक अंतरावर आडवे मार्ग दिलेले आहेत, आणि पावसाच्या सकाळी रस्त्याच्या मध्यावर पाण्याची एकही धार नव्हती. ज्याने हा रस्ता आखला त्याने पावसात तो जागेवर चालून पाहिला असावा, असे मला वाटले. घरासमोरचे कुरण आणि त्यापलीकडची चराऊ जमीन यांच्यामध्ये कुंपण दिसत नाही, कारण ते जमिनीत उतरवलेले आहे : एका बाजूने उभी दगडी भिंत, दुसऱ्या बाजूने हलका उतार, त्यामुळे घरातून पाहणाऱ्याला गवत सलग दिसते आणि पलीकडची जनावरे मात्र बागेत येऊ शकत नाहीत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात चार्ल्स ब्रिजमन आणि पुढे केपेबिलिटी ब्राउन यांच्यासारख्या उद्यानकारांच्या काळात ही युक्ती रूढ झाली आणि तिला ‘हा-हा’ असे गमतीचे नाव मिळाले. चालता चालता अचानक पायापुढे खड्डा दिसला की माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो, त्यावरून ते पडले असे सांगतात. येथील चराच्या तळाशी पाणी साचून राहिलेले नव्हते, म्हणजे खालून निचऱ्याची नळी अजून वाहती आहे. या एका गोष्टीने पहिल्या दुपारीच माझे मत बरेच अनुकूल झाले होते.

‘इस्टेट’ हा शब्द मात्र थोडा तपासून घेतला पाहिजे, कारण मध्यस्थाच्या माहितीपुस्तिकेत तो पानोपानी येतो. जुन्या अर्थाने इस्टेट म्हणजे घराला पोसणारी जमीन. वास्तुकार पल्लादिओने सोळाव्या शतकात इटलीच्या व्हेनेतो प्रांतात फान्झोलो येथे बांधलेली व्हिला एमो पाहिली, तर मालकाचे घर मध्यभागी आणि त्याला जोडून दोन्ही बाजूंना लांबच लांब कमानींचे कोठारांचे पंख दिसतात. त्या पंखांच्या टोकांना कबुतरखाने आहेत. दर्शनी सौंदर्य आणि धान्याची साठवण एकाच रेषेत, एकाच छताच्या शिस्तीत बसवलेली आहेत, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण कोणालाच दिसले नाही. आधुनिक आलिशान इस्टेटीत हा हिशोब उलटा होतो. येथील ४२ एकरांपैकी चराऊ जमिनीचे गवत शेजारचा पशुपालक कापून नेतो, त्यातून येणारे उत्पन्न कुरण कापण्याच्या यंत्राच्या इंधनालाही पुरत नसावे, आणि उरलेली सारी जमीन केवळ दृश्य म्हणून सांभाळली जाते. जमीन घराला पोसत नाही. घराच्या मालकाने बाहेरून कमावून जमिनीला पोसायचे आहे. यात गैर काही नाही, परंतु विकत घेणाऱ्याने किंमत आणि खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे प्रथम समजून घ्यावे. किंमत एकदा द्यावी लागते, खर्च मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. माझ्या पाहणीचा सगळा रोख त्या दुसऱ्या गोष्टीवर होता.

मुख्य घर लांब, आडवे आणि जमिनीलगत आहे. उत्तरेकडे जवळजवळ बंद दगडी भिंत, दक्षिणेकडे सलग काच, आणि या दोहोंवर पातळ कडेचे सपाट छत, जे ओसरीच्या बाजूस सुमारे पाच मीटर अधांतरी पुढे येते. असे अधांतरी छत पाहिले की सामान्य माणूस खाली उभा राहून छायाचित्र काढतो आणि माझ्यासारखा माणूस त्याच्या कडेकडे एक डोळा मिटून पाहतो. फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर बांधलेले फॉलिंगवॉटर हे घर जगभर नावाजले गेले, पण त्याच्या मुख्य गच्चीची कड कालांतराने सुमारे १८ सेंटिमीटर खाली झुकली आणि २००२ मध्ये पोलादी तारांनी ताण देऊन ती सावरावी लागली. थोर वास्तुकाराच्या घरात जे घडले ते इतरत्र घडणार नाही असे मानण्याचे कारण नाही. म्हणून येथे मी तीन गोष्टी पाहिल्या. छताची कड दोन टोकांना आणि मध्यावर एकाच पातळीत आहे का, छताच्या मुळाशी तडे आहेत का, आणि त्याखालचे सरकते दरवाजे एका हाताने हलतात का. तिन्ही ठिकाणी उत्तर समाधानकारक मिळाले. कडेच्या खालच्या अंगाला पाणी तोडण्यासाठी ठेवलेली बारीक खाचही जागेवर होती, त्यामुळे पावसात पागोळ्या नेमक्या खडीच्या पट्ट्यात पडत होत्या आणि ओघळ दगडावर उतरत नव्हते.

दक्षिणेच्या काचेविषयी माझे मत इतके निर्विवाद नाही. घराच्या दक्षिण बाजूचा सुमारे १८ मीटरचा भाग सरकत्या काचांचा आहे आणि प्रत्येक काच तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. दोन पदर मिळून २० मिलिमीटर जाडी धरली, तर यातील एकेक दार साडेचारशे किलोंचे आहे. इतके वजन बोटाने सरकते हे पाहून घरातील धाकटी मंडळी खूश झाली. मला मात्र खालच्या रुळातील पोलादी चाके दिसत होती, ती कधीतरी बदलावी लागतील तेव्हा दार उचलायला कोणते यंत्र आणि कोणत्या वाटेने आणायचे, हा प्रश्न मी मध्यस्थाला विचारला आणि त्याने प्रामाणिकपणे तो टिपून घेतला. शिवाय धातू ऋतूनुसार वाढतो आणि आकसतो : १८ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची चौकट ४० अंशांच्या फरकाने १६ ते १७ मिलिमीटर लांब-आखूड होते. या घरात चौकटीचे तीन तुकडे करून सांध्यांत जागा सोडलेली आहे, हे बरे केले. पण पश्चिमेकडील सांध्यातील भरण चिरलेले आहे आणि तेथून आत आलेल्या ओलीने लाकडी फरशीच्या दोन पट्ट्या काळवंडल्या आहेत. डाग छोटा आहे आणि त्यावर एक मोठी कुंडी ठेवलेली होती. कुंडी तेथे का आहे हे मी विचारले नाही.

काचेच्या घरांचा इतिहास राहणाऱ्यांच्या तक्रारींनीही भरलेला आहे. वास्तुकार मीस व्हान डेर रोहे याने अमेरिकेतील इलिनॉयमध्ये १९५१ साली पूर्ण केलेले फार्न्सवर्थ हाउस उन्हाळ्यात तापे, थंडीत त्याच्या काचांवर आतून पाणी जमे, आणि पुरापासून वाचावे म्हणून जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उचललेले असूनही १९५४ मध्येच नदीचे पाणी आत शिरले. त्या काळची काच एकेरी होती. आजच्या दुपदरी, धातूचा अदृश्य लेप दिलेल्या आणि मध्ये आर्गॉन वायू भरलेल्या काचेतून त्या मानाने एक पंचमांश उष्णताच निसटते. येथे अशीच काच आहे आणि बाहेरून खाली येणारे पडदेही आहेत, जे ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडवतात. तरीही पहिल्या भेटीच्या दुपारी चार वाजता पश्चिम कोपऱ्यातील आसनावर पाच मिनिटांहून अधिक वेळ बसवत नव्हते, कारण त्या कोपऱ्याच्या छोट्या बाजूला पडदा दिलेलाच नाही. आराखड्यात तो कोपरा उघडा ठेवण्याचा मोह मी समजू शकतो. सूर्यास्त तेथूनच दिसतो.

दिवाणखान्यात मी टाळी वाजवून पाहिली. सोबतच्या मंडळींना ते विचित्र वाटले, पण मोठ्या खोलीची परीक्षा डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर होते. खोली १४ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. खाली दगड, एका बाजूला काच, वर गुळगुळीत गिलावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणून, त्या कमी-जास्त करत एका व्याख्यानगृहातील घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरून जायला लागणारा वेळ, मोजला आणि त्यातून जे सूत्र मांडले, ते आजही पहिल्या अंदाजासाठी पुरते. त्या सूत्रात या खोलीचे आकडे घातले आणि पृष्ठभाग सरासरी पाच टक्केच आवाज शोषतात असे धरले, तर घुमण्याचा काळ साडेचार सेकंदांच्या आसपास येतो. गालिचे आणि कोच मोजले तरी तो तीन सेकंदांच्या खाली फारसा जात नाही. घरगुती बैठकीच्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आगेमागे असला की बोलणे सुखाचे होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, या खोलीत आठ माणसे दोन गटांत बसून बोलू लागली की कोणालाच काही नीट ऐकू येणार नाही, आणि थोड्याच वेळात सगळे आवाज चढवून बोलतील. आमच्या पाहणीतच ते घडले. हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, छताला आवाज शोषणारा थर देता येतो. पण नऊ वर्षांत कोणीही तो दिला नाही, यावरून मला असा संशय येतो की मालक मंडळी या खोलीत फारशी बसलीच नसावीत. घसाऱ्याच्या खुणाही तेच सांगतात. दिवाणखान्याची फरशी कोरी आहे आणि स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीचा उंबरठा झिजलेला आहे.

आता छत. दुसऱ्या भेटीत आम्ही सकाळी आठलाच पोहोचलो, पाऊस रात्रीपासून लागलेला होता, आणि मी शिडी मागवून वर गेलो. सपाट छताविषयी मला आकस नाही, परंतु ते नावापुरतेच सपाट असावे. पाणी वाहण्यासाठी त्याला निदान ८० मिलिमीटरला एक मिलिमीटर इतका उतार प्रत्यक्षात मिळावा लागतो, आणि बांधताना होणारी उणीव गृहीत धरून आराखड्यात त्याच्या दुप्पट उतार धरतात. नऊशे चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटर पाणी चार-सहा तोंडांतून खाली उतरायचे असते. ल कॉर्ब्युझिएने पॅरिसजवळ प्वासी येथे १९३१ साली पूर्ण केलेली व्हिला साव्हॉय आधुनिक वास्तुकलेचे तीर्थस्थान मानली जाते, पण तिच्या मालकीणबाई १९३० च्या दशकात छत गळत असल्याची पत्रे वास्तुकाराला पाठवत होत्या, हे तीर्थयात्रेला निघालेल्यांना सहसा सांगितले जात नाही. येथील छतावर मला दोन ठिकाणी पाणी साचलेले दिसले, प्रत्येकी जेवणाच्या मेजाएवढे. सांडव्याची जादा तोंडे आहेत, ही जमेची बाजू. पण सहापैकी दोन मुख्य तोंडांवर पाने दाटली होती, आणि एका ठिकाणी जलरोधक पापुद्र्यावर अलीकडचे ठिगळ होते, ज्याचा उल्लेख विक्रेत्याने दिलेल्या दुरुस्त्यांच्या यादीत नव्हता. ठिगळ नीट मारलेले आहे. प्रश्न ठिगळाचा नसून यादीचा आहे. जी दुरुस्ती केल्याचे विक्रेत्याच्या लक्षात नाही, तिच्या शेजारी आणखी काय असेल याची जबाबदारी मग घेणाऱ्यावर येते.

शयनगृहे सात आहेत, सगळी चांगली आहेत, आणि त्यांविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. चित्रपट पाहण्याची खोली, व्यायामशाळा, वारुणीचे तळघर हे सारे अशा घरांत असते तसे आहे. स्वयंपाकघरे दोन आहेत, एक दाखवण्याचे आणि एक राबते. दाखवण्याच्या स्वयंपाकघरातील ओटा संगमरवराचा आहे आणि संगमरवर आम्लाने चरतो, त्यामुळे लिंबाच्या फोडीचे गोल फिकट ठसे त्यावर कायमचे उमटलेले आहेत. राबत्या स्वयंपाकघराचा ओटा साध्या पोलादी पत्र्याचा आहे आणि नऊ वर्षांनीही तो उत्तम आहे.

पोहण्याचा तलाव काठ नसल्यासारखा दिसतो. एका बाजूने पाणी कडेवरून खाली उतरते आणि क्षितिजाला भिडल्याचा भास होतो. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच आहे. या भासामागे एक दुसरी, न दिसणारी टाकी असते, जिच्यात सांडलेले पाणी जमते आणि पंपाने वर परत येते. १५० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून पाच मिलिमीटरचा थर वाहता राहायचा तर साडेसातशे लिटर पाणी कायम फिरते असावे लागते, त्यात माणसे उतरली की त्यांच्या आकारमानाएवढे आणखी बाहेर येते, आणि उन्हाळ्यात उघड्या पृष्ठभागावरून रोज साधारण तेवढेच हवेत उडून जाऊ शकते. येथील खालची टाकी पुरेशी मोठी आहे. पण तिच्या झाकणाशी उभे राहिल्यावर पाणी भरण्याची झडप सतत उघडी असल्याचा आवाज येत होता, आणि त्या सकाळी बाष्पीभवनाचा प्रश्नच नव्हता, वरून पाऊस पडत होता. तलाव कोठेतरी गळतो आहे. किती, हे झडप बंद करून २४ तास पातळी मोजल्याशिवाय कळणार नाही. तशी मोजणी करून देण्यास विक्रेत्याने अद्याप होकार दिलेला नाही.

यंत्रघराविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण संपूर्ण मालमत्तेत मी सर्वांत अधिक वेळ तेथे घालवला. मध्यस्थाच्या कार्यक्रमात ते नव्हते. दार उघडायला किल्ली शोधावी लागली. मीसनेच आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात १९३० साली बांधलेल्या व्हिला तुगेंधाटमध्ये दिवाणखान्याच्या प्रचंड काचा विजेवर सरळ खाली तळघरात उतरतात आणि हवा तापवण्याची, थंड करण्याची, दमट करण्याची सामग्रीही तळमजल्यात आहे. आज ते घर पाहायला जाणाऱ्यांना हा यंत्रांचा मजलाही दाखवला जातो, आणि तो पाहिल्यावरच वरची निवांत खोली कशावर उभी आहे हे उमगते. येथे जमिनीतील उष्णता वापरणारे दोन पंप आहेत. जमिनीत दहा-पंधरा मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखे राहते, त्याचा उपयोग करून असा पंप विजेच्या एका एककामागे तीन ते चार एकके ऊब घरात आणतो, आणि ती फरशीखालच्या नळ्यांतून पसरते. दोन पंपांपैकी एक पंप बंद पडला तरी घर अर्धे का होईना चालू राहते. पाण्याच्या गाळण्या, जनित्र, विजेचे फलक हे सारे ऐसपैस जागेत मांडलेले असून प्रत्येक झडपेला पितळी बिल्ला आहे, बिल्ल्यावर क्रमांक आहे, आणि भिंतीवर त्या क्रमांकांचा नकाशा आहे. इतकी नीटनेटकी मांडणी मी मोठ्या रुग्णालयांतही क्वचित पाहिली आहे.

याचे श्रेय ज्या राखणदाराला आहे, ते गृहस्थ बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून तेथे आहेत. त्यांनी एक जाडजूड वही ठेवली आहे. तिच्यात दर आठवड्याचा पाऊस, विहिरीची पातळी, तळ्याच्या सांडव्यावरचे पाणी, कोणत्या झडपेला किती वेढे दिले, कोणत्या थंडीत कोणती नळी गोठली, हे सगळे शिसपेन्सिलीने लिहिलेले आहे. छतावरच्या त्या ठिगळाची तारीखही मला तिच्यातच सापडली. याउलट घराचे दिवे, पडदे आणि तापमान सांभाळणारी संगणकीय प्रणाली भिंतीवरच्या काचफलकावरून चालते, आणि तिची ही आवृत्ती सांभाळणे बनवणाऱ्यांनी थांबवले आहे. मुख्य नियंत्रक बिघडला, तर त्या जातीचा दुसरा मिळणार नाही आणि सारे नव्याने बसवावे लागेल. पडदे हाताने खाली घेण्याची सोय नाही. दगड शंभर वर्षे टिकेल, काच चाळीस, आणि या दोहोंचे पडदे हलवणारी वस्तू दहाव्या वर्षीच कालबाह्य झाली, हा प्रकार केवळ या घरापुरता नाही, पण म्हणून तो खर्चातून वगळता येत नाही.

पाणी विहिरीचे आहे आणि जोडीला छतावरचे पाणी जमिनीखालच्या टाकीत जाते. सांडपाण्यासाठी स्वतःचे शुद्धीकरण यंत्र आहे आणि शुद्ध झालेले पाणी खालच्या कुरणात जिरवले जाते. तेथे गवत गर्द हिरवे होते पण पाय रुतत नव्हता व वासही नव्हता, म्हणजे जमीन पाणी पिते आहे. आठ-दहा माणसांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पुस्तिकेत मात्र ‘दोनशे पाहुण्यांचे समारंभ’ असा उल्लेख आहे, आणि त्या आकड्याचा या यंत्राशी कोणताही संबंध नाही.

पुस्तिकेविषयी आणखी थोडे. छायाचित्रे सांजवेळची आहेत, जेव्हा आकाश गडद निळे आणि आतले दिवे सोनेरी दिसतात. रुंद कोनाच्या भिंगाने खोल्या आहेत त्याहून खोल भासतात, आणि रोपगृहाच्या चित्रातील हिरवाई संगणकावर भरलेली आहे, कारण प्रत्यक्षात रोपगृह रिकामे आहे. उड्डाणयंत्रावरून काढलेल्या चित्रफितीत खोऱ्यातला मोठा रस्ता चौकटीबाहेर राहील अशी काळजी घेतलेली आहे. वारा पश्चिमेचा असला की त्या रस्त्याचा गुंजारव ओसरीवर ऐकू येतो. हे सारे या व्यवसायात चालते आणि विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाचे मध्यस्थाने खोटे उत्तर दिले नाही, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्याने दिले नाही.

एवढ्या सगळ्यात मला मनापासून आवडलेली वास्तू म्हणजे तळ्याकाठचे अतिथिगृह. दोन खोल्या, उतरते छत, खोल वळचण, आणि पाण्याकडे तोंड केलेली पडवी. लाकडी भिंती ऊन-पावसाने चंदेरी करड्या झाल्या आहेत, आणि वळचणीखाली जेथे पाऊस पोहोचत नाही तेथे त्या अजून तांबूस आहेत. काहींना ही विसंगती खटकेल, मला ती आवडली. पावसाच्या सकाळी आम्ही सगळे नकळत तेथेच जमलो. आवाज न चढवता बोलता येत होते, छत गळत नव्हते, खिडकी हाताने उघडत होती. मुख्य घराच्या आराखडाकाराचेच हे काम आहे असे कळले, तेव्हा जागा आणि पैसा कमी मिळाल्याने त्याचे भले झाले असे माझ्या तोंडून निघून गेले. कुटुंबातील आजींनी तेवढ्यात जाहीर करून टाकले की घेतलेच, तर त्या येथेच राहतील.

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. दुसऱ्याने बांधलेले घर घेताना ती पाहणी सुटते, आणि तिची भरपाई प्रश्न विचारून करावी लागते. माझे मत मी कुटुंबाला लेखी दिले आहे. जमीन, रस्ता, निचरा, सांगाडा आणि यंत्रघर उत्तम. छत दोन वर्षांत नव्याने जलरोधक करावे लागेल. पश्चिमेची काच, दिवाणखान्याचा घुमारा आणि संगणकीय प्रणाली यांवर खर्च आहे, पण त्यातले काहीही घराच्या मुळावर येणारे नाही. तलावाची गळती मोजल्याशिवाय किंमत बोलू नये. ज्या कुटुंबाला वर्षातून तीन आठवडे येऊन राहायचे आहे, त्याने ही इस्टेट घेऊ नये, कारण उरलेले एकोणपन्नास आठवडे ती तेवढ्याच भुकेने खात राहील. ज्यांना येथे खरोखर वास्तव्य करायचे आहे आणि निदान तीन माणसे कायम कामावर ठेवण्याची तयारी आहे, त्यांनी पुढे जावे. कुटुंबाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

विक्रीसोबत मिळणाऱ्या वस्तूंची यादी अकरा पानांची आहे आणि तिच्यात बागेतल्या शिल्पांपासून ओसरीवरच्या खुर्च्यांपर्यंत सगळे आहे, पण यंत्रघरातील वहीचा उल्लेख नाही. आम्ही पाठवलेल्या पत्रात पहिली मागणी त्या वहीची आहे आणि दुसरी राखणदारांनी निदान एक वर्ष राहावे याची, अर्थात त्यांची तशी इच्छा असेल तर. तिसऱ्या भेटीसाठी आम्ही उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा मागितला आहे, कारण वहीतील नोंदींप्रमाणे विहिरीची पातळी तेव्हाच सर्वांत खाली जाते.